एका नवरीला दोन मामा

"मुलीचे मामा कुठायत?" मुलाच्या आईनं विचारलं, आणि मी पोपटकडं बोट केलं.

पोपट म्हणजे माझा दोस्त. महाळुंग्याला त्याचा टेम्पो हाय, कंपन्यांचा माल इकडून तिकडं टाकतो. मुलीचा तो कुणीच लागत न्हाई. मुलीचं नावसुद्धा त्याला येताना रस्त्यात सांगितलं होतं. पण अंगापिंडानं माणूस मामासारखा दिसतो. पोट हाय, मिशी हाय, आणि कुणी काही विचारलं की "बरोबर" म्हणतो. मामाला अजून काय लागतं?

हे चाललं होतं निघोज्यात, सुमनताईच्या घरी, बैठकीत. बैठक म्हणजे दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसून तारीख, कार्यालय, मानपान सगळं ठरवतात. ठरलं की सुपारी फुटते. सुपारी फुटली की मध्यस्थ सुटला. तोवर सगळा भार मध्यस्थाच्या डोक्यावर. आणि मध्यस्थ म्हणजे मी.

लग्नं जमवणं हा माझा धंदा. शिक्षण तिसरी. म्हणजे तिसरीपर्यंत शाळेत गेलो, बसलो कमी. पुढं एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, हेल्पर होतो. तिथला सुपरवायझर एक दिवस म्हणला, "तात्या, तू इथं काम कमी करतो आणि पोरांची लग्नं जास्त जमवतो. दोन्हीतलं एक सोड." मी म्हणलं, साहेब, तुमीच सांगा कुठलं. त्यानं लगेच सांगितलं. तेव्हापासून मी धंद्यात. वाचायला जेमतेम येतं, त्यामुळं बायोडाटे मी फोटोवरनं ओळखतो. एकदा एका पोरीच्या घरी मी मुलाच्या जागी त्याच्या बापाचा जुना फोटो पाठवला होता. पोरीला पसंत पडला. ते प्रकरण मिटवता मिटवता माझी चप्पल झिजली.

तर सुमनताई. नवरा लवकर गेला. जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर तिनं खोल्या बांधल्या आणि कंपनीच्या कामगारांना भाड्यानं दिल्या. घरात तिघंच. ती, तिची पोरगी अश्विनी आणि सुमनताईचा धाकटा भाऊ वसंत. अश्विनी कंपनीत क्वालिटीला हाय. वसंतमामा खोल्यांचं बघतो. पाण्याची मोटार, लाईटचे मीटर, कुणाचा नळ गळतो, कुणी छतावर कपडे टाकून गावाला गेला. आणि वसंतमामाला स्किझोफ्रेनिया हाय.

हा शब्द मला आता बोलता येतो. आधी मी "स्किजो"पर्यंत पोचायचो आणि खोकायचो. साध्या भाषेत सांगतो. कॉलेजच्या वयात वसंताला आवाज ऐकू यायला लागले. आसपास कुणी नसताना. कंपनीचा भोंगा वाजला की त्याला वाटायचं, माझंच नाव घेतोय. शेजारी दोघं बोलत असले की वाटायचं, माझ्याविरुद्ध काहीतरी चाललंय. मग चिंचवडला एक डॉक्टर बाई सापडल्या, गोळी लागू पडली आणि माणूस लायनीवर आला. गाव मात्र अजून "येडा वसंत"च म्हणतं. गोळी माणसावर चालते, गावावर चालत न्हाई.

मुलगा मंगेश. लातूरकडचा, आईबाप इथंच महाळुंग्याला त्याच्यासोबत. इंजिनियर, पर्मनंट, दारू न्हाई, गुटखा न्हाई. पोरगं अश्विनीला पसंत, अश्विनी पोराला पसंत. असं स्थळ मला दरवेळी कुठं मिळतं? मी सुमनताईला म्हणलं, "वसंताला बैठकीला बसवू नको. एकदा सुपारी फुटू दे, मग हळूहळू सांगू."

"हळूहळू म्हणजे कधी?"

"पहिल्या नातवाच्या बारशाला."

तिला पटलं न्हाई, पण पोरीच्या लग्नापायी आई कशालाही मान डोलावते. अश्विनीला यातलं काही सांगितलं न्हाई, ती ऐकणारी न्हाई. वसंताला मी मोटारीचा एक पार्ट आणायला चाकणला धाडला. मुद्दाम असा जुना पार्ट सांगितला की बाजारात मिळूच नये. म्हणजे तो हिंडत बसंल आणि आमची बैठक उरकंल.

पार्ट पहिल्याच दुकानात मिळाला.

पोपट नुकताच मामा झाला होता. मुलाचे वडील माधवराव त्याला विचारत होते, "तुमी काय करता मामा?" पोपट म्हणला, "बरोबर." तेवढ्यात दारात वसंत उभा. हातात पार्ट, तोंडावर घाम.

"मिळाला," तो मला म्हणला. मग पाहुणे दिसले. त्यानं हात जोडले. "नमस्कार. मी वसंत. अश्विनीचा मामा."

माधवरावांनी वसंताकडं बघितलं, पोपटकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"हे पण मामाच," मी म्हणलं. "हे धाकटे, ते थोरले."

मुलाच्या आईला सगळे काकूच म्हणायचे. काकू शांतपणे म्हणल्या, "पण ताई तर आत्ताच म्हणल्या, मला एकच भाऊ हाय म्हणून."

वसंत पोपटसमोर जाऊन उभा राहिला. त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमी माझे थोरले भाऊ का?"

पोपट म्हणला, "बरोबर."

अश्विनी पोह्यांचा ट्रे घेऊन आत आली ती तशीच थांबली. "तात्या, हे कोण?"

धंद्यात एवढी वर्षं काढली, पण जास्तीचा मामा परत कसा करायचा हे कुणी शिकवलं न्हाई. वसंताच्या मात्र सगळं ध्यानात आलं. त्यानं पार्ट टीपॉयवर ठेवला आणि खुर्ची ओढून बसला.

"पाहुणं, ह्यांनी मला लपवायचं ठरवलं होतं. मला स्किझोफ्रेनिया हाय. लई वर्षं झाली. रोज रात्री गोळी घेतो, आता बरा हाय. पोहे घ्या, गार होत्यात."

पोहे कुणी घेतले न्हाईत. म्हणजे पोपटनं घेतले. पाहुणे "विचार करून कळवतो" म्हणून उठले. आमच्या धंद्यात "विचार करून कळवतो" म्हणजे काही कळवायचं उरलं न्हाई.

ते गेल्यावर वसंत मला म्हणला, "तात्या, मला आवाज ऐकू यायचे ना, त्यातला एकबी तुझ्याइतकं खोटं बोलायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी माधवरावांचा फोन. राग न्हाई, आरडाओरडा न्हाई. "तुमी आमाला एक मामा जास्तीचा दाखवलाव, त्याचं काही न्हाई. पण खऱ्या मामाच्या रक्ताचं काय? उद्या आमच्या नातवात आलं म्हणजे? मंगेशची आई न्हाई म्हणायली."

त्यानंतर मंगेशचा फोन, कंपनीच्या बाथरूममधनं, मागं पाण्याचा आवाज. "काका, मला अश्विनीच करायची हाय. मामाचं मला काही न्हाई. पण आईला दुखवून मी लग्न करणार न्हाई. काहीतरी करा."

आणि अश्विनी तर सरळ घरी आली माझ्या. माझ्या बायकोसमोर म्हणली, "तात्या, लग्न मोडलं तर मोडू द्या. ह्या घरात होऊ दे न्हाईतर दुसऱ्या घरात, मला मंडपात मामाच आणणार. पोपटकाका न्हाई."

बायको तिला म्हणली, "बाई गं, ह्यांच्या नादाला लागू नको. ह्यांचं स्वतःचं लग्नसुद्धा दुसऱ्यानं जमवलंय."

भटजी माईकवर "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" म्हणतात आणि मामा भाचीचा हात धरून तिला अंतरपाटापाशी आणतो, तेवढाच तो मान. पण अश्विनी बारकी असताना शाळेत हाच माणूस तिला न्यायचा. आवाज येत होते तेव्हासुद्धा न्यायचा. आवाजांना म्हणायचा, थांबा, पोरीला सोडून येतो. तिनं दुसरा मामा कसा घ्यावा?

म्हणजे पोरीला मामा पाहिजे, पोराला पोरगी पाहिजे, आणि काकूंना रक्त चांगलं पाहिजे. मी डोकं लावलं. आमच्या धंद्यात एक युक्ती असते. पत्रिकेत मंगळ निघाला की पळायचं न्हाई. "सौम्य मंगळ हाय" म्हणायचं. दोष तोच, खातं बदललं की लोक ऐकून घेतात. तसं ह्या आजाराचं खातं बदलता येईल का, हे विचारायला मी चिंचवडला डॉक्टर बाईंकडं गेलो.

बाहेर नंबर लावून बसलो. शेजारच्या माणसानं विचारलं, "तुम्हाला काय होतंय?" मी म्हणलं, "मला काही न्हाई, लग्न जमवायचंय." तो हळूच दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.

आत गेल्यावर मी बाईंना म्हणलं, "मॅडम, वसंताचा आजार खानदानी न्हाई असं एक सर्टिफिकेट पाहिजे."

बाई म्हणल्या, "कोण वसंत?"

"तुमचा पेशंट."

"कुठल्याही पेशंटबद्दल मी त्याला विचारल्याशिवाय बोलत नाही. आणि लग्नाची सर्टिफिकेटं मी देत नाही."

"मग आजाराबद्दल सांगा. रक्तातनं येतो का?"

"काही अंशी. त्याचा एकच जीन नसतो. पुष्कळ लहान लहान जीन मिळून थोडा थोडा हातभार लावतात. घरात कुणाला असेल तर जवळच्या नात्यात धोका वाढतो. पण नुसतं रक्त सगळं ठरवत नाही. हुबेहूब सारख्या जुळ्यांमध्ये रक्त तेच, जीन तेच. तरी एकाला होतं आणि दुसऱ्याला पुष्कळदा होत नाही."

मी खुर्चीत पुढं सरकलो. "मग अजून काय असतं?"

"बाळ पोटात असतानाच्या गोष्टी असतात. आईला जबर इन्फेक्शन होणं, उपासमार, फार मोठा मानसिक ताण, बाळंतपणात बाळाला ऑक्सिजन कमी पडणं. याचाही..."

मला पाहिजे ते मिळालं होतं. पोटातलं! रक्तातलं न्हाई, पोटातलं! आणि तेवढ्यात खाली टोइंगच्या गाडीची शिट्टी वाजली. माझी मोटरसायकल नो पार्किंगला. मी म्हणलं, "मॅडम, कळलं, लई उपकार झाले," आणि पळालो. बाई मागनं म्हणत होत्या, "अहो, पुढचं ऐका." मी जिन्यात होतो.

गाडी वाचली. पुढचं राहिलं.

तिथनं थेट सुमनताईकडं. "वसंताच्या वेळी तुमच्या आईला ताप आला होता का?"

"आमच्या आईला? ती वसंत झाला त्या सकाळपर्यंत खुरपत होती."

"मग ऊन लागलं असंल."

"पावसाळा होता."

"मग भिजली असंल."

"तात्या, तू ताप आणणारच का तिला?"

"आणला," मी म्हणलं. म्हातारी जाऊन लई वर्षं झाली, तिची काही तक्रार येणार नव्हती.

संध्याकाळी महाळुंग्याला माधवरावांच्या फ्लॅटवर. माधवराव सोफ्यावर, मंगेश दाराला टेकून उभा, काकू खाली बसून शेंगा सोलत होत्या. मी बुशकोट नीट केला आणि सुरू झालो. मी कसा बोललो म्हणून सांगू! त्या दिवशी कुणी मला कॉलेजात उभं केलं असतं तर पोरं पास झाली असती.

"काकू, ह्यात रक्ताचा काही संबंध न्हाई. मोठ्या डॉक्टरनं सांगितलंय. हा आजार पोटात होतो. वसंताच्या वेळी त्याच्या आईला ताप आला होता, त्यामुळं झालं. अश्विनीच्या वेळी सुमनताई ठणठणीत. म्हणजे पोरीला धोका न्हाई, नातवाला धोका न्हाई. विषय संपला."

मंगेशच्या तोंडावर तेज आलं. माधवराव मान हलवायला लागले. काकूंचा हात मात्र थांबला.

"पोटात ताप आला की होतं का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं बाई पटत चालली. मी जोर लावला. "व्हय, तापानंच होतं."

"आन खायला न्हाई मिळालं तर?"

"त्यानं पण होतं."

"आन भीती बसली, जिवाला घोर लागला, तर?"

मी पोपटसारखं म्हणलं, "बरोबर."

काकूंनी शेंगांची परात बाजूला सारली. मंगेशकडं बघितलं, आणि त्यांच्या डोळ्याला पाणी लागलं.

"भूकंप झाला तवा हा माझ्या पोटात होता," त्या म्हणल्या. "घर पडलं. माझी सासू गेली त्यात. आमी पत्र्याच्या शेडात राहिलाव. त्याच शेडात मला थंडीताप भरला, शुद्ध नव्हती. पोटाला धड मिळत नव्हतं. मी रोज म्हणायचे, हे लेकरू कसं निघंल. आन तुमी आता सांगायलाव..."

मी काय करून बसलो ते मला हळूहळू कळायला लागलं. मुलीकडचा दोष मी उचलला होता आणि नीट पुसून मुलाकडं ठेवला होता.

"काकू, तसं न्हाई..." मी म्हणलं.

"तुमीच म्हणलाव बरोबर."

माधवराव उठले आणि मला दारापर्यंत सोडायला आले. असं आजवर कुणी केलं नव्हतं, आणि मी तर अजून उठलोसुद्धा नव्हतो.

पुढं जे झालं ते मंगेशनं फोनवर सांगितलं. "काका, आई माझ्याकडं टक लावून बघत बसती. मी मोबाइल बघून हसलो की विचारती, कुणाला हसलास? काल मी कानात ब्लूटूथ घालून सुपरवायझरशी बोलत होतो, शिव्या चालल्या होत्या. आईनं बघितलं, घरात कुणी न्हाई आणि मी भिंतीकडं बघून शिव्या देतोय. ती तिथंच रडायला लागली. जेवत न्हाई. म्हणती, माझ्या पोटानंच लेकराचं वाटोळं केलं. तुमी लावलंय हे, तुमीच काढा."

मला हसू आलं, पण ते टिकलं न्हाई. बाईनं त्या शेडात जे सोसलं, ते मी आता परत तिच्या डोक्यावर दिलं होतं. ते पण हातवारे करून.

मी सुमनताईच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. सुमनताईनं कपाळाला हात लावला. अश्विनीनं माझ्यासाठी आणलेला चहा तसाच आत नेला, ते जास्त लागलं. वसंत मोटारीचं काम करत होता. त्यानं पाना खाली ठेवला.

"त्या बाईला उगाच रडवली व्हय रं?" तो म्हणला. "परवा माझी डॉक्टर बाईंकडं तारीख हाय. काकूंना तिथं घेऊन ये. बाईंना म्हणावं, माझ्याबद्दल काय विचारतील ते सांगा. माझी हरकत न्हाई."

ठरलेल्या दिवशी सांगून ठेवलेली टॅक्सी ऐनवेळी आली न्हाई. राहिला पोपटचा टेम्पो. पुढं केबिनमध्ये पोपट चालवायला, त्याच्या शेजारी काकू, खिडकीला वसंत. मी आणि मंगेश मागं रिकाम्या क्रेटांवर. जाळीतनं पुढचं सगळं दिसत होतं. एका बाजूला खोटा मामा, एका बाजूला खरा, मधे काकू.

काकूंनी पोपटला ओळखलं. "तुमी थोरले ना?"

पोपटनं गिअर टाकला. आयुष्यात पहिल्यांदा तो "बरोबर" म्हणला न्हाई.

तळवड्याच्या पुढं टेम्पोतनं खडखड आवाज यायला लागला. वसंतानं कान दिला. मग काकूंना विचारलं, "तुमाला ऐकू येतोय का हो आवाज?"

"हाव. खडखड वाजायलं."

"मग टेम्पोचाच हाय," वसंत म्हणला. "माझं असंच हाय बघा. आवाज आला की आधी शेजारच्याला विचारतो. त्याला पण आला तर मोटार बिघडली. त्याला न्हाई आला तर मी बिघडलो. मग डॉक्टरांकडं जायचं. मोटारीला मेकॅनिक, मला डॉक्टर. त्यात रडायचं काय?"

काकू हसल्या. त्या दिवसांत पहिल्यांदा. मग त्यांनी विचारलं, "गोळीनं झोप लई येती का?" दोघं असे बोलत बसले की चिंचवड कधी आलं कळलं न्हाई. मला तर क्रेटांमुळं नीट कळलं.

डॉक्टर बाईंनी मला बघितलं आणि म्हणल्या, "आज गाडी कुठं लावलीये?"

"आज टेम्पोनं आलोय मॅडम."

"मग आज पूर्ण ऐकायचं."

काकूंनी भूकंपाचं, शेडाचं, तापाचं, मंगेश भिंतीशी बोलतो त्याचं, सगळं सांगितलं. बाईंनी मधे तोडलं न्हाई. मग म्हणल्या, "आई, पोटात असताना अशा गोष्टी घडल्या तर धोका थोडा वाढतो, हे खरं. थोडा. अशा हजारो बायका ताप काढतात, उपाशी राहतात, घाबरतात आणि त्यांची बहुतेक सगळी मुलं ठणठणीत निघतात. हे नुसतं एक वजन आहे. रक्त दुसरं वजन. पुढं आयुष्यात काय काय घडतं, गांजासारखी नशा, ती आणखी वजनं. कुठलंही एक वजन एकटं माणसाला आजारी पाडत नाही. आणि तुम्ही काही चूक केलेली नाही. भूकंप तुम्ही आणला नव्हता."

मंगेश म्हणला, "म्हणजे ओतलेल्या कास्टिंगच्या रिजेक्शनसारखं. मटेरियल, डाय, टेम्परेचर, सगळं थोडं थोडं हललं तर क्रॅक जातो. एकट्या मटेरियलवर ढकलता येत न्हाई."

"साधारण तसं," बाई म्हणल्या. "फक्त माणसाला रिजेक्ट करत नाहीत."

मी खाली बघत होतो. फाउंड्रीत आमचं हेच चालायचं. माल खराब निघाला की मेल्टिंगवाला मोल्डिंगवाल्यावर ढकलायचा आणि मोल्डिंगवाला मेल्टिंगवर. मी नोकरी सोडली, सवय बरोबर घेऊन आलो.

"आणि हा आजार बहुतेक वेळा विशी-पंचविशीच्या आसपास सुरू होतो," बाई मंगेशकडं बघून म्हणल्या. "तुमचा मुलगा तिशी ओलांडून गेला. भिंतीशी बोलत असेल तर आधी कानात बघा."

काकूंनी डोळे पुसले. मग मुद्द्यावर आल्या. "मग नातवाला होणार न्हाई, असं लिहून द्या."

"ते कुणाच्याच नातवाबद्दल लिहून देता येत नाही. माझ्याही नाही. मामा म्हणजे मुलीच्या मुलांसाठी आणखी एक पायरी लांबचं नातं. धोका शून्य नाही, पण भीतीनं लग्न मोडावं एवढा मला तरी दिसत नाही. सून गरोदर राहिली की नीट खायला घाला, तपासण्या करा, ताप आला तर अंगावर काढू नका, बाळंतपण दवाखान्यात करा. हे सगळ्यांनीच करायचं असतं. आणि पुढं घरात कुणाची झोप उडाली, उगाच संशय यायला लागला, तर लवकर घेऊन या. लपवू नका."

"लपवू नका" म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघायची गरज नव्हती. पण बघितलं.

येताना काकू परत त्याच दोघांच्या मधे बसल्या. मोशीच्या पुढं जाळीतनं मागं वळून मला म्हणल्या, "तात्या, सुमनताईला फोन लावा. बैठक परत करू. आन ह्या वेळी मामा एकच आणा."

सुपारी फुटली. अश्विनीनं पोह्यांची पहिली बशी वसंतासमोर ठेवली, शेवटची माझ्यासमोर. माझ्या बशीत फक्त शेंगदाणे होते.

लग्न चाकणच्या कार्यालयात झालं. वसंतानं नवा कुर्ता घातला होता, वर लाल फेटा. मंडपात स्पीकर, बेंजो, हजार माणसं, आणि एवढ्या आवाजात त्याला त्रास तर होणार न्हाई ना म्हणून सुमनताईचा जीव खालीवर. तो माझ्याजवळ आला. "तात्या, भटजी काहीतरी म्हणतायत असं वाटतंय. तुला ऐकू येतंय का?"

"येतंय. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, असं म्हणतायत."

"मग खरं हाय," तो म्हणला आणि गेला.

अश्विनीचा हात धरून तो सावकाश आला. गावातली माणसं मान वर करून बघत होती, त्यातली निम्मी त्याला येडा म्हणणारी. त्यानं कुणाकडं बघितलं न्हाई. पोरीला अंतरपाटापाशी उभी केली, तिच्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि मागं उभा राहिला. काकू पलीकडनं पदर तोंडाला लावून बघत होत्या. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची वाजली. पोपट पण उठून उभा राहिला होता. मी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवला. "सवयीनं उठलो," तो म्हणला.

आता मी पहिल्याच भेटीत विचारतो, घरात कुणी गोळी घेतं का? घेत असंल तर मला बरं वाटतं. त्या घरात निदान कुणीतरी डॉक्टरचं पूर्ण ऐकलेलं असतं.

त्या दिवशी लग्नाच्या पंगतीत वसंत मला वाढायला आला. जिलबी ताटात टाकता टाकता म्हणला, "तात्या, एक विचारू का? तुझ्या वेळी तुझ्या आईला काय झालं होतं रं?"

मी घरी जाऊन आईला विचारलं. ती म्हणली, काही न्हाई, तुझ्या वेळी सगळं चांगलं होतं. दूध, तूप, झोप, कशाला कमी नव्हतं. मी म्हणलं, मग पोटातलं काही न्हाई, म्हणजे राहिलं रक्त. माझा बाप शेजारीच बसला होता. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत न्हाई.